सूरवाल्यांच्या गाडीखालची नळी

१

सूरवाल्यांची लाल गाडी फाटकातून आत आली, तेव्हा माझ्या केबिनची काच थरथरली आणि चहा नुकत्याच लिहिलेल्या जॉब कार्डावर सांडला. मी शिवी गिळली. एकदा लिहिलेलं कार्ड पुन्हा लिहिण्याइतका वैताग दुसरा नाही.

हे वर्कशॉप माझ्या धाकट्या दिराचं. आलेल्या प्रत्येक गाडीची तक्रार काय, काम काय केलं, कोणता पार्ट बदलला, ते सगळं मी एकवीस वर्षं हाताने लिहून ठेवते. कॉम्प्युटरही आहे, पण भाऊजींना नेमका हवा असतो तेव्हा तो बंद पडतो. मला सगळे वहिनी म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. गाड्यांमधलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. माणसांमधलं कळतं असा होता, तो त्या आठवड्यात निकालात निघाला.

सूरवाले म्हणजे पियानो जुळवून देणारे गृहस्थ. शाळा, सभागृहं, बड्या लोकांचे दिवाणखाने, सगळीकडे त्यांनाच बोलावणं. त्यांनी मान डोलावली की पियानो सुरात आहे, यावर मग कुणी वाद घालत नसे. साठी उलटलेला हा शिस्तीचा माणूस दोन दारांच्या बुटक्या स्पोर्ट्‌स कारमध्ये स्वतःची घडी घालून बसायचा आणि उतरताना आधी छत्री बाहेर काढायचा.

त्या दिवशी त्यांनी छत्रीआधी एक लाल कागद बाहेर काढला आणि माझ्या टेबलावर आपटला.

"माझ्या गाडीतून चोरी झाली आहे. आणि ती तुमच्याच इथे झाली आहे."

भाऊजींनी गाडी लिफ्टवर चढवली. आम्ही सगळे खाली उभे राहून माना वर करून बघत राहिलो. इंजिनातून येणारा धूर गाळायला गाडीच्या पोटाखाली एक जाडजूड डबा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असं त्याचं लांबलचक नाव, आमच्याकडे नुसतं कॅट. तो डबा जागेवर नव्हता. त्याच्या जागी एक चकचकीत, सरळसोट नळी होती. धूर आत शिरला की न गाळता तसाच मागून बाहेर. आणि धुराबरोबर आवाजही.

तपासणी केंद्राने गाडी नापास केली होती. लाल कागदावर दोन चौकोन होते. मालकाच्या सांगण्यावरून बदल केला असेल तर मालकाने कॅट परत बसवायचा, वर्कशॉपला लेखी समज, विषय संपला. मालकाच्या नकळत केला असेल तर ज्याने केला त्याचं कामाचं सर्टिफिकेट कायमचं रद्द आणि पुढचं पोलीस बघतील. खुलासा तीन दिवसांत द्यायचा होता.

"मी कुणालाही काही सांगितलेलं नाही," सूरवाले म्हणाले. "दुसऱ्या चौकोनात खूण करा."

"पण साहेब," भाऊजी त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "कॅट काढल्यावर आवाज केवढा वाढतो! तुम्हाला आधी शंका कशी नाही आली?"

सूरवाल्यांनी भाऊजींकडे रोखून पाहिलं.

"आवाजात काहीही फरक नाही. उलट गेले चार महिने गाडी पहिल्या दिवसासारखी वाजते आहे. म्हणून तर या वेळी तुमच्याकडे सर्व्हिसिंगला न आणता थेट तपासणीला नेली."

हा माणूस बोलत होता ते खोटं असणारच, पण तो खोटं बोलत नव्हता.

२

माझा पहिला संशय पान्यावर. पान्या आमचा तिशीतला मेकॅनिक. झोपेतही याच्या हातात पाना असेल, म्हणून हे नाव. त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलचा आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडक्या लावून घेतात.

"वहिनी, आवाज म्हटलं की तुम्हाला मीच दिसतो," तो फुरंगटून म्हणाला.

"दुसरं कोण दिसणार? तू म्हणत नव्हतास, या गाडीचा आवाज म्हणजे दबलेली शिंक आहे म्हणून?"

"म्हटलं असेन. म्हणून गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावीन का? या इकडे, दाखवतो."

त्याने मला लिफ्टखाली नेलं आणि नळीच्या दोन्ही टोकांवर बॅटरी मारली. "कॅट चोरणारा काय करतो? खाली सरपटतो, ग्राइंडरने सर्रकन कापतो, पळतो. आतल्या धातूला भाव असतो ना. त्याला तुमच्या गाडीचं काय पडलंय? इथे काहीही कापलेलं नाही. बोल्ट खोललेत. जोडातून धूर गळू नये म्हणून नवीन गॅस्केट टाकलंय. आणि हे बघा."

त्याने एका बोल्टवरून बोट फिरवलं. बोटाला तांब्याच्या रंगाचं ग्रीस लागलं.

"हे कशाला लावतात?"

"बोल्ट तापून जाम होऊ नये म्हणून. म्हणजे परत उघडताना त्रास नको."

"चोराला परत कशाला उघडायचंय?"

"तेच तर," पान्या म्हणाला आणि डोकं खाजवायला लागला. खाजवण्यात मीही सामील झाले.

मग त्याने आवाज खाली आणला. नळीला दोन्ही बाजूंनी जाड चकत्या वेल्ड केलेल्या होत्या आणि तो जोड इतका एकसारखा होता की शिलाई मशीनने टीप घातल्यासारखा. "असा जोड आपल्याकडे एकाच माणसाचा असतो, वहिनी. मी नाव घेणार नाही."

घ्यायची गरजच नव्हती. आमचे वेल्डर, ज्यांना भाऊजींपासून सगळे मामा म्हणतात, कोपऱ्यात मास्क वर सरकवून आमच्याकडे बघत होते. सव्वीस वर्षांची नोकरी. तोंडात शब्द नाही, अंगात खोट नाही. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"जोड माझाच आहे," ते म्हणाले. "नळी मीच बसवली." आणि मास्क खाली ओढून घेतला.

३

भाऊजी चिडले की आवाज चढवत नाहीत, पायजमा वर ओढल्यासारखी पॅंट वर ओढतात. त्या दिवशी त्यांनी ती पाच-सहा वेळा तरी ओढली असेल.

"मामा, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मालकांनी?"

"नाही."

"त्यांच्या बायकोने?"

"नाही म्हटलं ना. माझं मीच केलं."

"का?"

मामांनी मास्कची काच पुसायला घेतली. आधीच त्यांच्याशी बोलायचं म्हणजे उजव्या बाजूला जाऊन बोलावं लागतं, डावा कान ग्राइंडरच्या आवाजाने कधीच गेलेला. भाऊजींना वाटलं ऐकू आलं नाही. ते उजवीकडे जाऊन पुन्हा म्हणाले, "का, मामा?"

"ऐकू आलं मला. सांगता येणार नाही."

"आणि कॅट? तो कुठे आहे?"

मामांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात जेवणाचा डबा, खालच्या कप्प्यात जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅट. वर पुठ्ठ्याचं लेबल दोऱ्याने बांधलेलं. त्यावर गाडीचा नंबर, काढल्याची तारीख आणि मामांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ: 'तपासणीआधी परत बसवणे.'

माझं डोकं चक्रावलं. चोरलेली वस्तू चादरीत गुंडाळून, नंबर घालून, परत बसवायचं लिहून कोण ठेवतं? आणि दर वर्षीप्रमाणे गाडी आधी आमच्याकडे आली असती, तर यांनी गुपचूप डबा परत बसवला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मग सगळा खटाटोप कशासाठी? फक्त आवाजासाठी? तो आवाज मालकाला जाणवलेलाही नाही!

"मामा, उद्या संध्याकाळपर्यंत कारण सांगा," भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. मामांनीच त्यांना वेल्डिंग शिकवलं होतं. "नाहीतर मला दुसऱ्या चौकोनात तुमचं नाव लिहावं लागेल. सर्टिफिकेट गेलं की तुम्हाला कुठेच काम मिळणार नाही. या वयात कराल काय?"

"लिहा," मामा म्हणाले. "पण त्या माणसाला काही विचारू नका."

ज्याने यांना चोर ठरवलं, त्याचीच यांना काळजी. मला मामांचा इतका राग आला की मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात न देता टेबलावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सूरवाल्यांचं घर गाठलं.

४

दार त्यांच्या बायकोने उघडलं. हसतमुख, गोल चेहऱ्याच्या बाई. मी वर्कशॉपमधून आले म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"त्या आवाजाचं काहीतरी करा हो! सकाळी हे गाडी काढतात तेव्हा माझ्या फडताळातल्या बशा नाचतात."

"म्हणजे ताई, आवाज वाढलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या इमारतीला माहीत आहे."

"मग नळी तुम्ही बसवून घेतलीत का?"

"मी? मला वाटलं ह्यांनीच बसवून घेतली. म्हातारपणी पुरुषांना असली खुळं लागतात. मी दोनदा म्हटलं, अहो, केवढा हा आवाज! तर म्हणाले, 'सुंदर आहे ना?' आता यावर काय बोलणार?"

त्यांनी मला शेजाऱ्यांचं पत्र दाखवलं. 'आपल्याकडच्या रोजच्या आवाजाचा आम्हा सर्वांस त्रास होतो, तरी कृपया लक्ष घालावे.' गाडीचा उल्लेख नव्हता, सभ्य शेजारी असावेत.

"हे वाचून ह्यांनी काय केलं असेल? घरातला पियानो दुपारनंतर वाजवायचा बंद केला! गाडी चालूच."

हसावं की रडावं कळेना. पियानोवर एक छोटं यंत्र ठेवलेलं होतं, त्यात एक काटा. मी विचारलं. "काटा मधोमध आला की सूर लागला," बाई म्हणाल्या. "पूर्वी हे असल्या यंत्राला नाकं मुरडायचे. हल्ली त्याच्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत."

"साहेब आहेत का घरी?"

"वर आहेत. थांबा." बाई हाक मारायला जिन्यापाशी गेल्या, पण त्यांनी हाक मारली नाही. वीसएक पायऱ्या चढून, गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत त्या वर गेल्या आणि मग मला वरून त्यांचा आवाज आला.

मी सोफ्यावरून उठले. साहेबांना भेटायचं नाही, असं एकदम वाटलं. काहीतरी माझ्या नाकासमोर होतं आणि ते मला नीट दिसत नव्हतं. "नंतर येते," असं मोठ्याने सांगून मी निघाले.

५

वर्कशॉपमध्ये येऊन मी लाल गाडीची सगळी जॉब कार्डं काढली. अक्षर माझंच. वाचताना मला माझीच लाज वाटायला लागली.

मागच्या वर्षी मे महिन्यात स्टार्टर बदलला. तक्रार: किल्ली फिरवल्यावर घासल्यासारखं होतं. ऑगस्टमध्ये पुन्हा स्टार्टर. डिसेंबरमध्ये पुन्हा. तिन्ही वेळा त्याच्या चाकाचे दात झिजलेले. तिन्ही वेळा मी निमूटपणे लिहून घेतलं, भाऊजींनी कंपनीला दोष दिला आणि सूरवाल्यांनी बिलावर सही केली. मग जानेवारीतलं सर्व्हिसिंगचं कार्ड. त्याच तारखेचं लेबल मामांच्या कपाटातल्या डब्यावर होतं. त्यानंतर स्टार्टरची तक्रार एकही नाही.

मी पान्याला बोलावलं. "स्टार्टरचे दात कशाने झिजतात रे?"

"गाडी चालू असताना परत किल्ली मारली की. फिरत्या चक्रावर दात जाऊन आपटतात. खर्रर्र असा आवाज येतो, अंगावर काटा येईल असा. एकदा ऐकलं की माणूस जन्मात पुन्हा करत नाही."

"आणि ऐकलंच नाही तर?"

मी मामांकडे गेले. त्यांच्या उजव्या बाजूला.

"त्यांना ऐकू येत नाही. गाडी चालू झाली की नाही तेच त्यांना कळत नव्हतं. म्हणून तुम्ही डबा काढलात. खरं की नाही?"

मामांनी मशीन बंद केलं आणि मास्क काढून मांडीवर ठेवला.

"जानेवारीत ते गाडी न्यायला आले होते," ते म्हणाले. "इंजिन चालू होतं. त्यांनी किल्ली मारली. खर्रर्र झालं, मी इतक्या लांबून दचकलो आणि ते तसेच बसलेले. पुन्हा मारली. मग इकडे तिकडे बघितलं, कुणी पाहिलं का. ते बघणं मला ओळखीचं आहे, वहिनी. कान जायला लागला तेव्हा मीही तसाच बघायचो. मी म्हटलं, साहेब, एक खडखड आहे, तासभर ठेवा. बारीक आवाज आधी जातात, घुमणारे टिकतात. नळी बसवली. परत आले, किल्ली मारली आणि नुसते हसले, वहिनी. असं हसताना मी मोठ्या माणसाला पाहिलेलं नाही."

"मग हे सांगा ना भाऊजींना!"

"पियानो जुळवणाऱ्याला ऐकू येत नाही, हे कागदावर लिहून सरकारात द्यायचं? त्यांना पुन्हा कोण बोलावणार? माझं वेल्डिंग गेलं तर मी पानटपरी टाकीन. ते काय करतील?"

"त्यांनी तुम्हाला चोर म्हटलं, मामा."

"त्यांना कुठे माहीत आहे?" मामा म्हणाले. "तुम्ही नाही सांगायचं. शप्पथ आहे."

६

शप्पथ मी घेतलेली नव्हती, त्यांनी घातली होती. हा फरक मी रस्ताभर स्वतःला समजावत राहिले, आणि तरी मला कळेना की मी करते ते बरोबर की चूक. एका माणसाची भाकरी वाचवायला दुसऱ्याची हिरावायची, याला न्याय म्हणतात का? पण ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याला कळूच द्यायचं नाही, हेही मला सहन होईना.

सूरवाले एकटेच होते. मी समोर बसले, दिव्याच्या उजेडात माझा चेहरा दिसेल अशी. तीन कार्डं टेबलावर मांडली.

"स्टार्टर खराब नव्हते, साहेब. चालू गाडीला पुन्हा किल्ली लागत होती."

ते कार्डांकडे बघत राहिले. मग मी कपाटातल्या लेबलाबद्दल, नळीबद्दल, मामांनी काय पाहिलं त्याबद्दल सांगितलं. जपून, एकेक वाक्य. मला वाटलं ते चिडतील, मला घराबाहेर काढतील. मी त्यासाठी पिशवी हातातच धरली होती.

"म्हणजे," ते म्हणाले, "गाडी खरोखरच मोठ्याने वाजत होती."

"हो."

"माझा कान बरा झालेला नव्हता."

मला क्षणभर अर्थच लागला नाही. आणि लागला तेव्हा, चोरी कोणी केली आणि कशासाठी, हे सगळं कोडं सोडवल्याची जी थोडी फुशारकी माझ्यात होती ती सगळी उतरली.

"जानेवारीत गाडी एकदम ऐकू यायला लागली," ते म्हणाले. "मला वाटलं, खालचे सूर परत आले. आता हळूहळू वरचेही येतील. मी डॉक्टरकडे जायचं बंद केलं. रोज सकाळी पियानोची वरची शेवटची पट्टी दाबून बघायचो. रोज वाटायचं, आज नाही तर उद्या. चार महिने." त्यांनी कार्डं गोळा करून कडा जुळवल्या. "फार चांगले गेले चार महिने."

मी रडले. ते नाही रडले. मला त्यांनी पाणी आणून दिलं.

७

तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले. लाल कागद मागून घेतला आणि पहिल्या चौकोनात खूण केली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'हा बदल माझ्या सांगण्यावरून केला आहे. मला ऐकू येत नाही, इंजिन चालू झाल्याचे कळावे म्हणून.' सही केली. भाऊजींनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि पॅंट वर ओढायची विसरले.

"साहेब, कारण लिहायची सक्ती नाही," मी म्हटलं. "नुसती खूण पुरते."

"कारण नाही लिहिलं तर ते यांच्यावर संशय घेतील," त्यांनी मामांकडे बोट केलं. "पहिलं वाक्य खोटं आहे. म्हणून दुसरं लिहिलं."

मामा मान खाली घालून उभे होते. सूरवाले त्यांच्यासमोर गेले, डाव्या बाजूला. मामांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. सूरवाल्यांनी त्यांच्या ओठांकडे बघायला मान वाकवली. दोघेही क्षणभर तसेच, एकमेकांभोवती जागा शोधत.

"मला आधी विचारायला हवं होतंत," सूरवाले म्हणाले.

"हो," मामा म्हणाले. "चुकलंच."

पान्याने नळी उतरवली, मामांनी डबा जागेवर चढवला. बोल्ट सहज फिरले. गाडी खाली आली. सूरवाले स्वतःची घडी घालून आत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, मऊ, एकसारखं. माझ्या केबिनची काच गप्प होती.

त्यांचा हात किल्लीवर थांबला. वर्कशॉपमध्ये भाऊजी होते, पान्या होता, दोन अनोळखी गिऱ्हाइकं होती. त्यांनी काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात विचारलं,

"चालू झाली का हो?"

"झाली, साहेब," मामा म्हणाले. "जा निवांत."